मनोरंजन उद्यानातील उपयोजित गणित

मनोरंजन उद्यानातील उपयोजित गणित ही एक अध्ययनपद्धती आहे. तीत रोलर कोस्टर, पडता मनोरा, आकाशपाळणा, झुलती नौका अशा करमणुकीच्या यंत्रांची उंची, वेग, त्वरण व काळ विद्यार्थी स्वतः मोजतात आणि वर्गात शिकलेल्या सूत्रांशी त्यांची तुलना करतात. त्रिकोणमिती, कलनशास्त्र, अवकल समीकरणे, संख्याशास्त्र व त्रुटिविश्लेषण या गणिताच्या शाखांचा आणि यांत्रिकीचा तिच्याशी निकटचा संबंध येतो. महाराष्ट्रात या पद्धतीस अनुकूल असे ठळक ठिकाण म्हणजे रायगड जिल्ह्यातील खोपोलीजवळचे इमॅजिका हे उद्यान. त्याच जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील यात्रांत उभे राहणारे पाळणेही या अभ्यासाला तितकेच उपयोगी पडतात. प्रस्तुत लेखात ‘समजा’ या शब्दाने आरंभ होणाऱ्या उदाहरणांतील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतलेले आहेत.

पार्श्वभूमी

करमणुकीच्या यंत्रांकडे अभ्याससाधन म्हणून पाहण्याची प्रथा अमेरिकेत १९७० च्या दशकात रुजली. जॉन रोडर यांचा या विषयावरील लेख १९७५ मध्ये ‘द फिजिक्स टीचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे अनेक उद्यानांत विद्यार्थ्यांसाठी खास ‘भौतिकी दिन’ पाळले जाऊ लागले. महाविद्यालयीन पातळीवर स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील कार्य विशेष उल्लेखनीय आहे. तेथील भौतिकीच्या प्राध्यापक अ‍ॅन-मारी पेंड्रिल यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यापासून लिसेबर्ग उद्यानात विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष मोजमापे करवून घेतली आणि त्यांवर दीर्घकाळ लेखन केले.

मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात ‘अप्लाइड मॅथेमॅटिक्स’ याच नावाचे विषय अनेक वर्षे शिकवले जात होते. या विषयांची परीक्षा मात्र कागदावरच होते. गणितात दिलेली संख्या अचूकच असते, असा समज विद्यार्थ्याच्या मनात त्यामुळे घट्ट बसतो. या सहलीचा मुख्य उपयोग तो समज ढिला करण्यासाठी होतो.

इमॅजिका हे उद्यान खालापूर तालुक्यात खोपोली–पाली मार्गावर असून ते एप्रिल २०१३ मध्ये लोकांसाठी खुले झाले. अलिबागकडून पेणमार्गे, तर मुरुड व रोह्याकडून पालीमार्गे येथे येता येते. ‘नायट्रो’ हा पाच उलट्या वळणांचा रोलर कोस्टर अभ्यासाच्या दृष्टीने येथील सर्वांत महत्त्वाचा होय.

उंचीचे मापन

यंत्राच्या तळापर्यंत जाता येत नसल्याने उंची दुरूनच काढावी लागते. त्यासाठी अर्धवर्तुळाकार कोनमापक, दोरा व लहानसे वजन यांपासून घरीच तयार केलेले साधन पुरते.

समजा, एका जागेवरून कोस्टरच्या माथ्याचा उन्नत कोन ४५ अंश आला. तेथून सरळ २८ मीटर मागे गेल्यावर तो ३० अंश भरला. कोन ४५ अंश असताना तळापासूनचे अंतर उंचीइतकेच असते, तर ३० अंश असताना ते उंचीच्या १.७३२ पट असते. म्हणजे २८ मीटर हे उंचीच्या ०.७३२ पट झाले. यावरून उंची ३८.२५ मीटर येते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची सुमारे दीड मीटर धरून ती मिळवली, की एकूण उंची ३९.७५ मीटर होते.

येथवरचे गणित दहावीच्या पुस्तकातलेच आहे. महाविद्यालयीन गणित यापुढे सुरू होते. दुसरा कोन वाचताना एका अंशाची चूक झाली आणि ३० ऐवजी ३१ अंश लिहिले गेले, तर उंचीच्या १.७३२ पटीऐवजी १.६६४ पट हे गुणोत्तर लागू होते आणि एकूण उंची ४३.६५ मीटर निघते. एका अंशाच्या चुकीने जवळजवळ चार मीटरचा फरक पडला. दोरा वाऱ्याने हलत असताना एका अंशाची चूक ही काही मोठी चूक म्हणता येत नाही. उंचीच्या सूत्राचे कोनाच्या संदर्भात अवकलन केले, की हा फरक आधीच वर्तवता येतो. दोन निरीक्षणबिंदूंतील अंतर वाढवले की तो कमी होतो, हेही त्याच अवकलनातून कळते. आंशिक अवकलन कशासाठी शिकायचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगले उत्तर मिळणे कठीण.

उंची पडताळण्याचा दुसरा मार्ग हवेच्या दाबाचा आहे. समुद्रसपाटीजवळ दर मीटर चढणीला हवेचा दाब सुमारे ११ ते १२ पास्कलने घटतो. काही भ्रमणध्वनींत दाबमापक असतो. चाळीस मीटरांच्या चढणीवर त्याने ४५० ते ४८० पास्कल इतकी घट दाखवली पाहिजे.

वेग आणि ऊर्जा

रोलर कोस्टरची गाडी साखळीने माथ्यावर ओढून नेली जाते. त्यानंतरच्या मार्गावर बहुतेक कोस्टरांत तिला इंजिनाचे साहाय्य नसते. माथ्यावर साठलेली स्थितिज ऊर्जा उतारावर गतिज ऊर्जेत बदलते. घर्षण व हवेचा रोध सोडून दिले, तर तळाशी येणाऱ्या वेगाचा वर्ग हा उतरलेली उंची व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुप्पट असतो. गाडीचे वस्तुमान या सूत्रात येत नाही. म्हणून गाडी रिकामी असली काय अथवा भरलेली असली काय, आदर्श स्थितीत वेग तोच.

या तत्त्वाचे भव्य रूप पाहायचे असल्यास खोपोलीतच टाटांचे जलविद्युत केंद्र आहे. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी बोरघाटाच्या कड्यावरून मोठ्या नळांतून खाली आणून १९१५ पासून येथे वीज निर्माण केली जाते. हे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली येते. वरील सूत्राने त्याचा आदर्श वेग सेकंदाला ९९ मीटर, म्हणजे ताशी ३५६ किलोमीटर येतो. कोस्टरचा उतार आणि घाटातील नळ ही एकाच समीकरणाची दोन उदाहरणे होत. सहलीत ती दोन्ही एका दिवसात पाहता येतात.

नायट्रोची उंची सुमारे ४० मीटर आणि कमाल वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर, असे आकडे सामान्यतः दिले जातात. हे दोन आकडे विद्यार्थ्याने शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. चाळीस मीटरांवरून घर्षणाविना घसरलेल्या गाडीचा वेग सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी १०१ किलोमीटर होतो. ताशी १०५ किलोमीटर वेगासाठी सुमारे ४३.४ मीटरांचा उतार हवा. घर्षणामुळे प्रत्यक्ष वेग आदर्श वेगाहून कमी असायला हवा, आणि येथे तर तो अधिक दिसतो. मग एखादा आकडा खोटा आहे काय? तसा निष्कर्ष काढण्यापूर्वी काही प्रश्न विचारावे लागतात. उंची कोणत्या पातळीपासून मोजली आहे? मार्गाचा सर्वांत खालचा बिंदू त्या पातळीच्या खाली जातो काय? माथा ओलांडताना गाडीला किती वेग होता? दोन्ही आकडे पूर्णांकात आणताना किती कापले गेले?

आता वर सांगितलेली एका अंशाची चूक आठवावी. कोन चुकीचा वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ४३.६५ मीटर उंची मिळाली होती. तिच्यावरून काढलेला वेग प्रचलित आकड्याशी सुरेख जुळतो. हा विद्यार्थी आपले मापन अचूक ठरले म्हणून आनंदित होईल आणि कोन बरोबर वाचणारा त्याचा सोबती आपलेच काहीतरी चुकले असे समजून वहीतला आकडा खोडेल. अपेक्षित उत्तराशी जुळणे ही मापन बरोबर असल्याची खूण नव्हे, ही गोष्ट प्रयोगशाळेत वारंवार सांगूनही पटत नाही, ती येथे पटते. खोडलेला आकडा हा या सहलीतील सर्वांत मोठा तोटा मानला पाहिजे.

वेग थेट मोजण्यासाठी गाडीची लांबी व ती एका खांबासमोरून जाण्यास लागणारा काळ यांचा उपयोग करतात. समजा, गाडी १२ मीटर लांब असून तिला ०.४५ सेकंद लागला. वेग सेकंदाला २६.७ मीटर झाला. हातातील घड्याळाची कळ दाबण्यात दशांश सेकंद मागेपुढे होणे अगदी स्वाभाविक आहे. तेवढ्याने उत्तर २२ पासून ३४ पर्यंत कोठेही जाऊ शकते, म्हणजे ते जवळजवळ निरुपयोगी ठरते. सेकंदाला ६० चौकटी टिपणाऱ्या चलच्चित्रात हाच काळ २७ चौकटींचा असतो आणि एका चौकटीची चूक सुमारे चार टक्केच फरक पाडते.

सकाळच्या पहिल्या फेरीपेक्षा दुपारची फेरी किंचित वेगवान असते. चाकांतील वंगण तापून पातळ होते व घर्षण घटते. त्यामुळे प्रत्येक मापनापुढे वेळ नोंदवणे आवश्यक असते.

उभ्या वलयाचा आकार

गाडी उलटी करणारे उभे वलय, म्हणजेच लूप, वरवर पाहता वर्तुळाकार वाटते. प्रत्यक्षात ते थेंबासारखे, वर निमुळते व खाली पसरट असते. यामागे एका चुकीचा इतिहास आहे. न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे १८९५ च्या सुमारास ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा कोस्टर चालत असे. त्याचे वलय खरोखरच वर्तुळाकार असून व्यास अवघा साडेसात मीटरांच्या आसपास होता. त्यात बसणाऱ्यांच्या मानेला इजा होत असल्याने तो टिकला नाही.

याचे कारण काही ओळींच्या गणितात सापडते. वलयाच्या शिखरावर गाडी सुटू नये यासाठी तेथील अभिकेंद्री त्वरण किमान गुरुत्वत्वरणाइतके हवे. म्हणजे शिखरावरील वेगाचा वर्ग त्रिज्या व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराएवढा हवा. शिखरापासून तळापर्यंत दोन त्रिज्यांची उंची उतरली जाते. त्यामुळे तळाशी वेगाचा वर्ग त्याच गुणाकाराच्या पाचपट होतो. तेथील अभिकेंद्री त्वरण गुरुत्वत्वरणाच्या पाचपट आणि त्यात स्वतःचे वजन मिळवल्यावर जाणवणारे वजन सहापट होते. पन्नास किलोग्रॅमच्या व्यक्तीला तळाशी आपण तीनशे किलोग्रॅमचे झालो असे वाटते. या हिशेबात त्रिज्या उरतच नाही! वलय लहान असो वा मोठे, वर्तुळ असेल तर सहापटीतून सुटका नाही. शिवाय सपाट मार्गावरून वर्तुळात शिरताच हे बल एका क्षणात अंगावर येते, आणि मानेला घात होतो तो मुख्यतः त्या झटक्यामुळे.

यावर उपाय म्हणजे वक्रता हळूहळू वाढवणे. ज्या वक्राची वक्रता त्याच्या कापलेल्या लांबीच्या प्रमाणात वाढते, त्यास क्लोथॉइड किंवा ऑयलरचे सर्पिल म्हणतात. लेओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात त्याचा अभ्यास केला होता. जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगेल यांनी या वक्राच्या आधारे वलय आखले आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘रेव्होल्यूशन’ या कोस्टरमध्ये ते प्रत्यक्षात आले. समजा, वलयाची उंची २० मीटर, शिखरावरची वक्रता त्रिज्या ६ मीटर आणि तळाची २० मीटर आहे. शिखरावरील किमान वेगाचा वर्ग ५८.८ येतो, तळाशी तो ४५०.८ होतो व त्याला २० ने भागल्यावर त्वरण २२.५, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या २.३ पट निघते. जाणवणारे वजन ३.३ पटच राहते. उंची तीच असूनही केवळ आकार बदलल्याने सहापटीचा भार जवळजवळ निम्म्यावर आला.

याच विचाराने लोहमार्ग बांधणारे अभियंते सरळ रूळ व वळण यांच्यामध्ये संक्रमण वक्र घालतात. रोहा येथे सुरू होणाऱ्या कोकण रेल्वेने प्रवास करताना गाडी वळणात शिरते आहे हे शरीराला उशिरा कळते, ते त्यामुळेच.

पडता मनोरा आणि लंबक

पडत्या मनोऱ्यावर मुक्त पतन व गतिरोधन असे दोन टप्पे असतात. समजा, पहिल्या टप्प्यात २५ मीटर मुक्त पतन झाले. त्यास २.२६ सेकंद लागतात व वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर होतो. पुढील १२ मीटरांत गाडी सारख्या दराने थांबवायची असल्यास मंदन गुरुत्वत्वरणाच्या २५ भागिले १२, म्हणजे जवळपास २.१ पट ठेवावे लागते. जाणवणारे वजन ३.१ पट होते.

अशा अनेक मनोऱ्यांत चुंबकीय गतिरोधक वापरतात. धातूची पट्टी चुंबकांमधून जाताना तिच्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि ते गतीला विरोध करतात. स्थायी चुंबक वापरले असल्यास या गतिरोधकाला बाहेरून वीज लागत नाही, म्हणून वीज गेली तरी तो निकामी होत नाही. मर्यादित वेगांसाठी हा विरोध वेगाच्या प्रमाणात असतो असे धरता येते. मग प्रथम कोटीचे अवकल समीकरण मिळते व त्याची उकल घातीय फलनाच्या रूपात येते. वेग घटत घटत एका लहान अंतिम वेगाकडे जातो, परंतु शून्य होत नाही. गुरुत्वाकर्षण खाली ओढतच असते. म्हणून शेवटी गाडी टेकवण्यासाठी वेगळी व्यवस्था असावी लागते. समीकरणातील एक पद आणि यंत्रातील एक भाग यांचा असा सरळ संबंध क्वचितच दिसतो.

‘स्क्रीम मशीन’सारखी झुलणारी यंत्रे लंबकाची आठवण करून देतात. समजा, लंबकाची लांबी १५ मीटर आहे. शालेय सूत्राने त्याचा दोलनकाल ७.८ सेकंद येतो. मोठ्या झोक्याला मात्र ते सूत्र लागू नाही. झोका दोन्ही बाजूंना ९० अंशांपर्यंत जात असेल, तर दोलनकाल सुमारे १८ टक्क्यांनी वाढून ९.२ सेकंदांच्या आसपास होतो. अचूक उत्तरासाठी विवृत्तीय समाकल लागतात. खऱ्या यंत्रात वस्तुमान एका बिंदूत नसते व मोटरही झोका देत असते, त्यामुळे मोजलेला काळ याहूनही निराळा भरू शकतो.

रांगेचे गणित थोडक्यात असे. रांगेतील सरासरी माणसे म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसे गुणिले सरासरी प्रतीक्षाकाळ. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये या नियमाची सिद्धता दिली. दर दोन मिनिटांनी २४ जण जात असतील व रांगेत ३६० जण उभे असतील, तर अर्धा तास उभे राहावे लागेल.

यात्रेतील पाळणे

उद्यानाचे प्रवेशशुल्क प्रत्येक विद्यार्थ्याला परवडतेच असे नाही. अलिबाग तालुक्यात चौल येथे दत्तजयंतीच्या सुमारास आणि वरसोली येथे कार्तिक वद्य एकादशीच्या सुमारास मोठ्या यात्रा भरतात. अशा यात्रांतील पाळण्यांवर वरील बहुतेक प्रयोग अत्यल्प खर्चात करता येतात. काही बाबतींत ते अधिक सोपेही असतात, कारण येथे यंत्राच्या अगदी जवळ उभे राहता येते.

समजा, आकाशपाळण्याची त्रिज्या ६ मीटर असून तो १२ सेकंदांत एक फेरा घेतो. त्याचे अभिकेंद्री त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.१७ पट भरते. पन्नास किलोग्रॅमची व्यक्ती वजनकाट्यावर बसली असती, तर काट्याने वर सुमारे ४१.५ व खाली ५८.५ किलोग्रॅम दाखवले असते. वरून खाली येताना पोटात गोळा येतो म्हणतात, त्याचे मोजमाप हेच.

‘मौत का कुआँ’ या खेळात मोटारसायकलस्वार उभ्या लाकडी भिंतीवर फिरतो. भिंतीने दिलेला आधार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्या आधारामुळे निर्माण होणारे घर्षण स्वाराचे वजन पेलते. समजा, त्रिज्या ५ मीटर व घर्षणगुणांक ०.६ आहे. किमान वेग सेकंदाला ९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२.५ किलोमीटर निघतो. फळ्या दवाने ओलसर होऊन गुणांक ०.४ वर आला, तर हाच वेग ताशी ४० किलोमीटरांच्या जवळ जातो. समुद्रकाठच्या दमट रात्री हा फरक कागदापुरता राहत नाही. आकडा न मांडताही अनुभवी स्वार तो जाणतो आणि वेग वाढवतो.

साखळ्यांना टांगलेल्या झुल्यांचे चक्र फिरू लागले, की झुले बाहेर झुकतात. लहान मूल व त्याचे धिप्पाड काका समान लांबीच्या साखळ्यांवर सारख्याच कोनात झुकलेले दिसतात, कारण कोनाच्या सूत्रात वस्तुमान नसते. हे निरीक्षण करायला कोणतेही साधन लागत नाही.

सहलीची आखणी

भ्रमणध्वनीतील त्वरणमापकाची नोंद घेण्यासाठी जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठात तयार झालेले ‘फायफॉक्स’ हे विनामूल्य अनुप्रयोग वापरले जाते. मात्र वेगवान यंत्रांवर सुटी वस्तू नेणे धोक्याचे असून त्यास सामान्यतः मनाई असते. चाळीस मीटरांवरून निसटलेला भ्रमणध्वनी खाली ताशी शंभर किलोमीटर वेगाने येऊ शकतो. म्हणून चालकांची आगाऊ परवानगी घेऊन, अंगावर घट्ट बांधलेल्या बंद पिशवीतच उपकरण न्यावे. परवानगी नसल्यास जमिनीवरून घेतलेल्या चलच्चित्रावर भागवावे. पावसाळ्यात मुसळधार पाऊस किंवा विजा असताना उघड्यावरील यंत्रे बंद ठेवावी लागतात. सहलीसाठी हिवाळ्याचे दिवस योग्य ठरतात.

चार-पाच जणांचा एक गट असावा आणि प्रत्येक मापन निदान पाच वेळा घ्यावे. गटाने मापनापूर्वी आपला अंदाज लिहून ठेवावा व नंतर तो खोडू नये. भीती किंवा प्रकृती यांमुळे काही विद्यार्थी यंत्रांवर बसत नाहीत. त्यांना कमी गुण देणे अन्यायाचे होईल. कोन, चौकटी व रांगा मोजण्याचे काम जमिनीवरच होते आणि ते शांत चित्ताने करणारा माणूस प्रत्येक गटाला हवाच असतो.

अहवालात उत्तराइतकेच महत्त्व त्रुटीच्या अंदाजाला द्यावे. ‘उंची ३९.७५ मीटर’ असे लिहिणाऱ्यापेक्षा ‘उंची ४० मीटर, चार मीटर कमी किंवा अधिक’ असे लिहिणारा विद्यार्थी अधिक गुणांस पात्र असतो. त्याने पुढे दोन निरीक्षणबिंदूंतील अंतर वाढवून पुन्हा मापन केले असेल, तर आणखी.